यात्रेनंतर, खुडणीआधी

सकाळी ६.००

“मॅडम, गाय बसली. कान गार पडलेत.”

निदान एवढ्यातच झालेलं असतं. मार्गशीर्ष तोंडावर आला की निफाड तालुक्यात थंडी उतरते. द्राक्षबागांच्या कडेला शेकोट्या धुमसत असतात. बाणगंगेपलीकडच्या मळ्यात पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. रात्री व्यायलेली होल्स्टीन मान बरगडीकडे वळवून बसली होती. व्याल्यावर कासेत चीक उतरतो, त्याबरोबर रक्तातलं कॅल्शियमही जातं आणि अंगात उभं राहण्याचं बळ उरत नाही. कॅल्शियमची बाटली शिरेतून द्यायची, तीही सावकाश. एका हातात बाटली आणि कानाला स्टेथोस्कोप, कारण घाई केली तर हृदय बंद पडू शकतं. बाटली संपता संपता गाईनं ढेकर दिला, शेण टाकलं आणि थोड्या वेळानं मागचे पाय ताठ करून ती उठली.

मालकानं बिल विचारलं आणि पैसे दिले. गाय वाचवायची की नाही, हा प्रश्नच निघाला नाही. दूध किती आणि औषध किती, हा हिशोब शेतकऱ्याच्या डोक्यात कायम तयार असतो. कुत्र्याच्या बाबतीत असा हिशोब कोणाकडेच तयार नसतो. आज अकरा वाजता मला तोच मांडायचा आहे.

सकाळी ७.३०

घरी चहा घेताना फोनवर नाशिकहून आलेले एक्स-रे पुन्हा उघडले. सुलतान हा लॅब्रॅडॉर नर, चौदा महिन्यांचा, वजन ४१ किलो. त्याच्या हाडापेराला ३२ किलो शोभले असते. दिवाळीआधीपासून तो उजवा मागचा पाय टेकवून टेकवून चालतो. बसताना पाय पोटाखाली घेत नाही, बाजूला फेकतो. सकाळी उठल्यावर जास्त लंगडतो, मग थोडा सैल होतो.

पहिल्यांदा तपासलं तेव्हाच उजवी मांडी टेपनं मोजल्यावर डाव्या मांडीपेक्षा बारीक भरली होती. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टणक सूज होती. एका हातानं मांडीचं हाड आणि दुसऱ्या हातानं नडगीचं हाड धरून पुढे ढकललं, की नडगी पुढे सरकत होती. लहान पिल्लांत थोडी हालचाल असतेच, पण ती एका जागी ठप्प थांबते. सुलतानची थांबत नव्हती. गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट गेला होता. मोठ्या कुत्र्यांत तो एका उडीत तुटला असं सहसा होत नाही. महिनोन्‌महिने धागा धागा विरत जातो आणि एक दिवस मालकाला लंगडणं दिसतं. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ यांच्यात हे दोन वर्षांच्या आतही दिसतं.

एक्स-रे नाशिकला भूल देऊन काढले, कारण जागा कुत्रा मांडी नीट पसरू देत नाही आणि वाकडा एक्स-रे वाकडाच निर्णय देतो. फिल्मवर उजव्या गुडघ्यात पाणी साचलेलं आहे, हाडाच्या कडांवर नवीन खरखरीत वाढ आहे. खुबे चांगले आहेत. ते पाहणं गरजेचं होतं, कारण या जातीत खुब्याचं दुखणं गुडघ्याच्या नावावर खपून जातं. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या बंद झाल्या आहेत. डाव्या गुडघ्यातही थोडं पाणी दिसतंय. हे शेवटचं वाक्य घरच्यांना कसं सांगायचं, ते चहा संपेपर्यंत ठरत नाही.

सकाळी ९.००

दवाखाना महामार्गाच्या सर्व्हिस रोडला. शटर वर केलं की मुंबई-आग्रा रस्त्याची घरघर आत येते, आणि तिच्यावर मधूनच आकाश फाडणारा आवाज. एचएएलचा इथला कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला, म्हणून आजही बाहेरचे लोक गावाला ‘ओझर मिग’ म्हणतात. मिग गेले, सुखोई आले, आता तेजसही इथल्या धावपट्टीवरून उडतं. गावातल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. टेबलावरच्या कुत्र्याला वाटतं. सुईच्या ऐन वेळी विमान गेलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आज सकाळच्या रांगेत योगायोगानं दोन लंगडे. पहिला टाउनशिपमधला सात महिन्यांचा रॉटवायलर. आठवडाभर पुढचा डावा पाय दुखत होता, आता मागचा उजवा. जागा बदलणारं लंगडणं ऐकलं की अर्धा जीव भांड्यात पडतो. सांध्याला हात लावला तर शांत, हाडाच्या मधल्या लांब भागावर बोटं दाबली की ओरडतो. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना होणारी ही हाडांची सूज आपोआप जाते. वेदनाशामक आणि विश्रांती द्यायची, कापाकापी नाही.

“पण हाडं कच्ची म्हणून मी कॅल्शियमचं टॉनिक दुप्पट केलंय,” मालक कौतुकानं म्हणाले.

टॉनिक बंद करायला सांगितलं. पहाटे ज्या कॅल्शियमनं गाय उठवली, तेच या पिल्लाला घातक. कुत्र्याच्या लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. ते हाडात जातं आणि भराभर वाढणाऱ्या सांगाड्याची घडण बिघडवतं. चांगल्या प्रतीचं मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य मिळत असेल तर वर काही लागत नाही.

दुसरी होती पॉमेरेनियन, साडेतीन किलोची. चालता चालता एक पाय उचलते, तीन पावलं उड्या मारते, पाय झटकते आणि पुन्हा नीट चालते. गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकते आणि स्वतःच जागेवर येते. वाटी सरकण्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीला हात लावायचा नाही. दुसरीला लंगडणं वाढलं तर विचार करायचा. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या वाढत्या पिल्लात मात्र थांबायचं नाही, नाहीतर हाडच वाकडं वाढतं. ही पहिली आणि दुसरीच्या मध्ये आहे. वजन वाढू देऊ नका, सोफ्यावरून उड्या बंद, सहा महिन्यांनी दाखवा.

सकाळी ११.००

सुलतानच्या घरचे तिघं आले. दादा, वहिनी आणि अकरावीतली मुलगी. आजी घरी राहिल्या. बागेत मजुरांची टोळी विरळणीला आली होती, तरी दादा काम सोडून आले. ओझरकडच्या बागायतदारासाठी या दिवसांत ही लहान गोष्ट नाही.

“ऑपरेशन नाही केलं तर मरंल का तो?” दादांचा पहिला प्रश्न.

“मरणार नाही. लंगडेल, आणि सांधा झिजत राहील.”

“तीन पायांवर पण पळतो की.”

“आत्ता पळतो, दादा. चौदा महिन्यांचा आहे. अजून दहा वर्षं पळायचंय त्याला.”

मग मी कागद घेतला. क्रेटनं भरलेली ट्रॉली उतारावर उभी आहे आणि एका दोरानं मागे बांधलीय. कुत्र्याच्या नडगीचा माथा असाच मागे उतरता असतो. त्यामुळे प्रत्येक पावलाला नडगी पुढे घसरू पाहते आणि तो लिगामेंट तिला धरून ठेवतो. दोर तुटला की दोन वाटा. बाहेरून दुसरा दोर बांधायचा, किंवा उतारच सपाट करायचा. पहिल्या वाटेत सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉन बांधतात. हलक्या कुत्र्यात ते बरं चालतं. चाळीस किलोच्या तरण्या लॅब्रॅडॉरला तो नायलॉन सैल पडण्याची भीती राहते. दुसऱ्या वाटेत नडगीचा माथा गोल करवतीनं कापून फिरवतात आणि प्लेट-स्क्रूनं बसवतात. ही पद्धत अमेरिकेतले पशुवैद्य बार्क्ले स्लोकम यांनी बसवली आणि १९९३ साली शास्त्रीय नियतकालिकात मांडली. मोठ्या, तरुण कुत्र्यांसाठी आज बहुतेक सर्जन तीच निवडतात. तिला टीपीएलओ म्हणतात.

“हाड कापायचं? चांगलं हाड?” वहिनींचा चेहरा उतरला.

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो यायलाच हवा. न दुखणारं हाड कापून दुखणारा सांधा वाचवायचा, हे ऐकायला उलटं वाटतं. म्हणून तिसरी वाटही तितक्याच नीट सांगितली, ती म्हणजे ऑपरेशनच न करणं. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशन न केलेली ८५ कुत्री होती. १५ किलोच्या आतल्या २८ पैकी २४ बरी किंवा सुधारलेली दिसली. त्याहून जड ५७ पैकी फक्त ११. एवढ्यावर थांबले असते तर निर्णय मीच घेतल्यासारखा झाला असता. म्हणून २०१३ चा अभ्यासही सांगितला. वजन जास्त असलेली ४० मोठी कुत्री. सगळ्यांना खाणं मोजून, औषध आणि व्यायाम. त्यातल्या अर्ध्यांचं टीपीएलओही केलं. वर्षअखेर ऑपरेशनवाल्यांत पाऊण, आणि नुसत्या खाण्या-व्यायामावर असलेल्यांत जवळपास दोन तृतीयांश यशस्वी ठरली. म्हणजे ऑपरेशन सरस, पण दुसऱ्या बाजूच्या पदरातही काही आहे. आणि दोन्ही बाजूंना वजन उतरवायचंच होतं.

मुलगी आत्तापर्यंत गप्प होती. “रतन टाटांनी त्यांच्या कुत्र्याला अमेरिकेला नेलं होतं ना?”

नेलं होतं. मिनेसोटा विद्यापीठात, सांधा बदलण्यासाठी. पण पोचायला उशीर झाला होता, म्हणून सांधा बदलण्याऐवजी तो एका स्थितीत कायमचा पक्का करावा लागला, असं त्यांनी २०२४ मध्ये मुलाखतीत सांगितलं. त्याच वर्षी जुलैत मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. पाच मजले, १६५ कोटींचा खर्च. मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत होते तेव्हा गुडघ्याच्या अशा कामासाठी मुंबईत शोधाशोध व्हायची. आता ओझरहून सकाळी निघालेला कुत्रा दुपारी सर्जनच्या टेबलावर असू शकतो. टाटांच्या गोष्टीतून दादांनी मात्र वेगळंच उचललं.

“म्हणजे उशीर नडतो.”

“नडतो. सांधा सैल राहिला की आतली गादी चिरडते. गादी गेली की दुखणं वेगळंच होतं.”

मग डाव्या गुडघ्याचं सांगितलं. एका बाजूचा लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांत पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या बाजूचाही जाण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास धरतात. सुलतानच्या डाव्यात पाणी दिसतंय. दादा खुर्चीत मागे टेकले. खर्चाचा अंदाज त्यांना आधीच कळला होता.

“मॅडम, एवढ्यात एक दुभती गाय येते. तुम्ही आता दोन गाई सांगताय.”

“आत्ता एकच सांगतेय. दुसरी कदाचित लागणारही नाही.”

“मग बाग निघाली की करू. मार्च-एप्रिलमध्ये. हातात पैसाही असेल.”

त्यांच्या बाजूनं हे अगदी बरोबर होतं. द्राक्षात पैसा एकदाच येतो, आणि अवकाळी पाऊस आला तर तेवढाही येत नाही. पण एप्रिलपर्यंतचे चार-पाच महिने तो गुडघा रोज घसरत राहणार. मी तारखेवर वाद घातला नाही. दुपारी घरी येते, एवढंच म्हणाले. सुलतान कुठे राहतो, काय खातो, कशावर चालतो ते बघितल्याशिवाय सर्जनला काय सांगू?

दुपारी १.००

जेवता जेवता मुंबईच्या सर्जनना फोन. एक्स-रे त्यांच्यापुढे होते. उताराचा कोन २९ अंश. कुत्र्यांत सरासरी पंचविसाच्या अलीकडे-पलीकडे असतो, ऑपरेशननंतर तो पाचाच्या आसपास आणतात. वाढीच्या पट्ट्या बंद आहेत, म्हणजे प्लेट बसवायला हरकत नाही. पिल्लू अजून वाढतं असतं तर वेगळी युक्ती करावी लागली असती. पट्टीच्या पुढच्या भागात एक स्क्रू बसवून पुढची वाढ रोखतात, मागची होऊ देतात आणि उतार हळूहळू कमी होतो. ती वेळ निघून गेलीय. डावा गुडघा आत्ता सोडायचा, बघत राहायचं.

“चार आठवडे थांबलं तर चालेल?”

“चालेल, जर तो चार आठवडे पट्ट्यावरच राहिला तर. आणि वजन खाली आण. घरी बघणारं कोण आहे?”

सर्जन हा प्रश्न फोन ठेवताना विचारतात. मला वाटतं तो पहिल्यांदा विचारायचा प्रश्न आहे. टेबलावरचं काम काही तासांत संपतं. हाड जुळायला आठ आठवडे लागतात आणि त्या आठ आठवड्यांत ना उडी, ना जिना, ना पळणं. लघवीला जायचं तेही आखूड पट्ट्यावर. पूर्ण मोकळं सोडायला तीन-चार महिने. ऑपरेशन उत्तम झालं आणि दहाव्या दिवशी कुत्रा मांजरामागे पळाला, तर स्क्रू ढिले होतात. दोष मग कोणाच्याही माथी मारा, पाय कुत्र्याचा जातो. म्हणून गुडघ्याच्या एक्स-रेइतकंच मी घर तपासते.

दुपारी २.३०

मधल्या वेळेत मळ्यांतली कामं. एका गाईला दगडी झालेली, कासेचा एक सड टणक आणि दुधात गाठी. एक माजावरची कालवड रेतनासाठी. एका गोठ्यात म्हातारा बैल, गुडघ्याला सूज. मालकानं मेडिकलमधून माणसांची डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं आणून ठेवली होती. ती काढून घेतली. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणूनच २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. आमच्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केलीय, त्यामुळे हे इथल्या माणसाला पटकन पटतं.

कुत्र्यांच्या घरीही हीच अडचण असते. कुत्रा लंगडला की आजोबांच्या डब्यातली गुडघेदुखीची गोळी अर्धी करून पोळीत दिली जाते. माणसाला चालणारी ब्रुफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला जखमा करते, मूत्रपिंड बिघडवते. सुलतानला मेलॉक्सिकॅम लिहून दिलंय, वजनावर मोजून, जेवणानंतर. एक्स-रेच्या आधी रक्त तपासून घेतलं ते त्यासाठीच.

दुपारी ४.३०

सुलतानचा मळा. बंगला नवा, ओसरीपासून आतपर्यंत चकचकीत टाइल्स. मला बघून तो उठला आणि मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. अर्धं निदान फरशीवरच दिसलं. गोठ्यात गाईंखाली टाकायच्या रबरी मॅट होत्या. त्यातल्या चार ओसरीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत अंथरायला सांगितल्या. पोर्चला तीन पायऱ्या. पिकअपच्या हौद्यात तो उडी मारून चढतो, हे मुलीनं अभिमानानं सांगितलं आणि सांगता सांगता गप्प झाली.

“शेततळ्यात पोहवलं तर? पाण्यातला व्यायाम चांगला म्हणतात,” दादा.

चांगला असतो, पण जखम भरल्यावर, सर्जननं सांगितल्यावर, आणि शेततळ्यात कधीच नाही. प्लास्टिकच्या अस्तरावरून चांगल्या पायांच्या कुत्र्यालाही वर येता येत नाही. मळ्यांमधून अशा बातम्या दरवर्षी येतात.

आठ आठवडे त्याला ठेवायचं कुठे, याचं उत्तर मळ्यातच पडलेलं होतं. बागेच्या मांडवाचे जुने अँगल आणि तार. ओसरीच्या कोपऱ्यात सहा बाय सहा फुटांचा कठडा होईल, दादा म्हणाले, वेल्डरकडे न जाता. घरातली माणसं डोळ्यांसमोर राहतील म्हणजे तो केकाटणार नाही.

मग आजी. त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि सुलतानचं डोकं त्यांच्या मांडीवर. “लई वाईट वाटतं बाई. खंडेरायाच्या पायाशी असणारी जात ही.”

“काय काय खातो हा, आजी?”

सकाळी दूध-बिस्कीट आजी देतात. नाश्त्याला तूप लावलेली पोळी वहिनी. दुपारी मजुरांच्या डब्यातली भाकरी. संध्याकाळी मुलगी पिशवीतलं खाद्य, भांडं भरून. रात्री दादांच्या ताटातलं. प्रत्येकजण म्हणाला, मी तर थोडंच देतो. बेरीज ४१ किलो झाली होती.

आजींना मी ४८ लॅब्रॅडॉरची गोष्ट सांगितली. अमेरिकेत भावंडांच्या जोड्या लावल्या, एकाला जेवढं खाणं त्याच्या पाऊण हिस्सा दुसऱ्याला, आयुष्यभर. कमी खाल्लेल्यांचं सरासरी आयुष्य १३ वर्षं भरलं, भरपेट खाल्लेल्यांचं ११.२. शिवाय कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा झिजले. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला.

“म्हंजे दोन वर्सं जादा?” आजींनी विचारलं.

“पावणेदोन.”

“मंग कमी देऊ.” इतक्या लवकर कोणी पटवून घेतलेलं मी फार पाहिलेलं नाही.

राहिली तारीख. दादांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून ओट्यावर ठेवलं. येत्या चंपाषष्ठीला ओझरची खंडेराव महाराजांची यात्रा. बारागाडे, पाळणे, माहेरी आलेल्या बहिणी, घर भरलेलं. त्या गर्दीत ताजं ऑपरेशन झालेला कुत्रा सांभाळणं अशक्य, हे त्यांनी स्वतःच म्हटलं. बागेत खुडणी सुरू झाली की व्यापारी, गाड्या, क्रेट, पन्नास अनोळखी माणसं. तेव्हाही अशक्य. मग मधले दिवस मोजले. यात्रेचे पाहुणे गेल्यापासून बाग काढणीला येईपर्यंत आठ आठवडे पडतात, जेमतेम.

“पैशाचं?” वहिनींनी हळू विचारलं.

दादा बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले. “रात्री सांगतो.”

संध्याकाळी ६.३०

संध्याकाळचा दवाखाना. टाउनशिपमधले एक निवृत्त काका त्यांच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला घेऊन आले, लसीला. हिचाही लिगामेंट गेला होता, वयाच्या आठव्या वर्षी. काका एकटे, हृदयाचा त्रास, चौथ्या मजल्यावर घर. त्यांनी ऑपरेशन नाकारलं होतं. तळमजल्यावर राहायला आले, तिला सहा किलोनं हलकी केली, रोज ठरलेल्या वेळी पट्ट्यावर सपाटीला फिरवलं. आज ती थोडी अडखळते, पण मजेत आहे. तरुण, जड, दोन्ही गुडघ्यांत पाणी असलेल्या सुलतानला हेच मी सुचवलं नसतं. पण काकांचा निर्णय त्यांच्या घराला धरून होता आणि तो त्यांनी रोज पाळला. तिची डावी मांडी टेपनं मोजली. भरलीय.

जाता जाता काकांनी विचारलं, “आमच्या शेजाऱ्यांच्या गोल्डनची नसबंदी सहा महिन्यांतच करून घ्यावी का?” घाई नको म्हटलं. मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांच्या तक्रारी वाढतात, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या अभ्यासात गोल्डन रिट्रीव्हरमध्ये दिसलंय. हाडांची वाढ पुरी होऊ द्या, मग बघू.

रात्री ८.३०

शटर ओढताना दादांचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो, अक्षर मुलीचं.

‘यात्रेनंतरचा सोमवार: मुंबई. तोपर्यंत ३ किलो कमी. कठडा: बाबा. सकाळ-रात्र पट्टा: मी. औषध, टाके, तापमान: आई. खाणं: आजी (काट्यावर तोलून, बाकी कोणीही नाही). मजुरांना सांगणे: बाबा.’ आणि सगळ्यात खाली दादांच्या हातचं: ‘एका पायाचे पैसे आहेत. दुसऱ्याचं बागेनंतर.’

यात सर्जनला दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. डावा गुडघा थांबू शकतो आणि हलक्या कुत्र्याचा जास्त काळ थांबतो. मी सोमवार पक्का करायला मुंबईला कळवलं. हाड नीट जुळतंय का ते पाहायला आठव्या आठवड्यातला एक्स-रेही आत्ताच लिहून ठेवला, कारण तेव्हा बाग तोंडाशी आलेली असेल आणि कोणाला आठवणार नाही.

तेवढ्यात आजींचाच फोन. चंपाषष्ठीच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला द्यायचा असतो, तो यंदा चुकवायचा का, हे त्यांना आत्ताच ठरवून हवं होतं. चुकवू नका म्हटलं. रोडग्याचा चतकोर, तोलून, त्या दिवशीच्या खाण्यातून तेवढंच वजा करून. वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात मात्र अजिबात नाही, कारण कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

“चतकोर म्हंजे किती ग्रॅम?” आजींनी विचारलं.